घाटात मान टाकणारी टर्बो गाडी आणि पी००८७ चा कोड: पंप बदलण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एक लिटरची, डायरेक्ट इंजेक्शनची (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारी) टर्बो पेट्रोल गाडी, ऐंशी हजार किलोमीटरच्या आसपास चाललेली. गावात आणि सपाटीवर काहीच तक्रार नाही. आंबोली घाट चढताना ट्रकला ओव्हरटेक करायला पाय दाबला की साडेतीन हजार आरपीएमच्या पुढे गाडी झटके मारते, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि मग ती मुकाट रांगू लागते. बाजूला घेऊन बंद-चालू केली की पुन्हा ठीक. गॅरेजने स्कॅनर लावला, पी००८७ आणि पी०२९९ असे दोन कोड निघाले. टाकीतला पंप आणि हाय प्रेशर पंप दोन्ही बदला, टर्बोही उघडून बघावा लागेल, असं सांगून एस्टिमेट हातात दिलं. करू का?

इतक्यात नको. पी००८७ हा कोड ‘रेलमधला इंधनाचा दाब मागितला त्यापेक्षा कमी पडला’ एवढंच सांगतो. रेल म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी जाड नळी. तो कोणी पाडला, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. टाकीतला पंप थकलेला असू शकतो, त्याची जाळी तुंबलेली असू शकते, पंपाला वीज पुरेशी पोचत नसेल, हाय प्रेशर पंप झिजला असेल, किंवा दाब मोजणारा सेन्सरच खोटं बोलत असेल. पाचही ठिकाणी कोड हाच येतो. आणि पी०२९९, म्हणजे बूस्ट (टर्बोने इंजिनात दाबून भरलेल्या हवेचा दाब) कमी पडल्याचा कोड, तुमच्या बाबतीत बहुतेक मागाहून आलेला आहे. इंधन पुरत नाही असं दिसलं की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजिन वाचवण्यासाठी बूस्ट स्वतःच खाली आणतो. दोन्ही कोड एकाच वेळी आले असतील तर टर्बोला हात लावू नका, आधी दाबाचं काय ते बघा.

तोपर्यंत एक पथ्य मात्र पाळा. पाय पूर्ण दाबून ‘परत होतंय का बघू’ हा प्रयोग पुन्हा पुन्हा करू नका. बूस्ट चालू असताना पेट्रोल कमी पडलं की मिश्रण पातळ होतं, ज्वलनकक्षातलं तापमान चढतं आणि नॉकिंग, म्हणजे आतल्या आत अवेळी स्फोट, सुरू होतं. टर्बो इंजिनाचे पिस्टन असेच जातात, आणि ते बिल पंपाच्या बिलापेक्षा फार मोठं असतं.

सपाटीवर गाडी शहाण्यासारखी का वागते, हे कळलं तर पुढची तपासणी सोपी जाईल. एक लिटरचं इंजिन आयडलला तासाला साधारण पाऊण लिटर पेट्रोल पितं. तेच इंजिन एकशेदहा पीएस देत असतं तेव्हा हिशेब तासाला तीस-तेहतीस लिटरवर जातो, म्हणजे जवळजवळ चाळीस पट. ताशी ऐंशीने सपाटीवर चाललेली गाडी यातला फारच थोडा भाग मागते. त्यामुळे अर्धा मेलेला पंपही रोजच्या वापरात उघडा पडत नाही. शिवाय टर्बो गाडीत मागणी हळूहळू वाढत नाही. बूस्ट आला की सेकंदा-दोन सेकंदांत हवा जवळजवळ दुप्पट होते आणि तेवढंच पेट्रोल लगेच लागतं. साध्या इंजिनात तोच पंप आणखी वीस-तीस हजार किलोमीटर कोणाच्या लक्षात न येता चालला असता.

आता पेट्रोलचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. टाकीत विजेवर चालणारा पंप असतो, त्याच्या तोंडाशी जाळी आणि पुढे फिल्टर. हा पंप चार ते सहा बार दाबाने पेट्रोल इंजिनकडे ढकलतो. तिथे कॅमशाफ्टवर चालणारा हाय प्रेशर पंप ते घेतो आणि रेलमध्ये भरतो. आयडलला पन्नास बारच्या आसपास, पूर्ण लोडला दीडशे-दोनशे आणि त्याच्याही वर. अलीकडच्या काही इंजिनांत साडेतीनशे बारपर्यंत. रेलवर एक सेन्सर असतो आणि तुमचा कोड त्या सेन्सरने मोजलेल्या आकड्यावरून आलेला आहे. ध्यानात ठेवायची गोष्ट ही, की हाय प्रेशर पंप स्वतः टाकीतून ओढत नाही. मागून भरपूर पेट्रोल आलं तरच तो दाब करू शकतो. मागचा पुरवठा तुटला की त्याचा कक्ष अर्धवट भरतो, पेट्रोलची वाफ होते आणि चांगला हाय प्रेशर पंपही नापास झाल्यासारखा दिसतो. गॅरेजवाले दोन्ही पंप एकदम बदलायला सांगतात ते यामुळेच. कोणता गेलाय हे शोधायचं काम त्यात वाचतं, आणि त्या आळसाचे पैसे गिऱ्हाईक भरतं.

पहिलं काम फुकटचं आहे. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम वाचून घ्या. कोड लागला त्या क्षणीचे आकडे ईसीयू साठवून ठेवतो: आरपीएम, लोड, वेग, कूलंटचं तापमान, कधीकधी टाकीतली पातळीसुद्धा. साधा ब्लूटूथ डोंगल आणि मोबाइलवरचं कुठलंही बरं अ‍ॅप हे दाखवतं. बरीच गॅरेजेस स्कॅनर लावल्या लावल्या कोड क्लिअर करून मोकळी होतात आणि सगळ्यात मोलाचा पुरावा तिथेच पुसला जातो. तुमच्या गाडीचं तसं झालं असेल तर आता पुढचा कोड येईपर्यंत थांबण्यापेक्षा लाइव्ह डेटा रेकॉर्ड करणं बरं.

ते असं करायचं. शेजारी एकाला मोबाइल घेऊन बसवा, चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचंच नाही. मोकळा, थोडा चढाचा रस्ता घ्या. तिसरा गिअर, दोन हजार आरपीएमपासून पाय पूर्ण दाबायचा आणि त्रास सुरू झाला की लगेच सोडायचा. एकदा नीट झालं की पुरे. रेकॉर्ड करायचे ते आकडे: आरपीएम, रेलचा मागितलेला दाब, रेलचा प्रत्यक्ष दाब, लॅम्डा (मिश्रणाचा आकडा: एक म्हणजे बरोबर, वर पातळ, खाली पेट्रोल जास्त), शॉर्ट आणि लाँग फ्यूएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय-घटवतोय ते, आत्ताचं आणि सरासरीचं), बूस्ट, आणि गाडी दाखवत असेल तर टाकीतल्या पंपाची ड्यूटी (पंपाला पूर्ण ताकदीच्या किती टक्के वीज दिली जाते ते) व कमी दाबाच्या बाजूचा, म्हणजे टाकीपासून हाय प्रेशर पंपापर्यंतचा, दाब. मागितलेला दाब स्वस्त अ‍ॅपमध्ये बहुधा दिसत नाही; त्यासाठी त्या ब्रँडला चालणारा स्कॅनर लागतो. पण नुसत्या प्रत्यक्ष दाबाचा आलेखही बरंच सांगतो. आरपीएम आणि बूस्ट चढत असताना रेलचा दाब चढायला हवा. तो चढता चढता मध्येच कोसळला, तर पुरवठा कुठेतरी तुटतोय.

सेन्सर खरा बोलतोय की खोटा, हे ओळखायला लॅम्डा आणि ट्रिम लागतात. इथे बरेच मेकॅनिक घसरतात. रेलचा दाब खरोखर कमी झाला, तर ईसीयू इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवून भरपाई करतो. त्यामुळे दाब पडत असूनही ट्रिम बराच वेळ जागेवर राहू शकते. ‘ट्रिम नॉर्मल आहे, म्हणजे इंधन ठीक आहे’ हा निष्कर्ष डायरेक्ट इंजेक्शनला लागू होत नाही. इंजेक्शनसाठी मिळणारा वेळ संपला की मात्र लॅम्डा झपकन वर जातो आणि झटके सुरू होतात. उलट दाब ठीक आहे पण सेन्सर कमी दाखवतोय, तेव्हाही ईसीयू इंजेक्टर जास्त वेळ उघडतो आणि पेट्रोल जास्त पडतं. लॅम्डा एकच्या खाली, ट्रिम उणे, कधी काळा धूर. थोडक्यात, दाबाचा आकडा पडला आणि मिश्रण पातळ झालं तर दाब खरंच पडला. आकडा पडला आणि मिश्रण गडद झालं तर सेन्सर आणि त्याच्या वायरिंगकडे बघा. दोन मिनिटांच्या या तुलनेने चांगले पंप भंगारात जाण्यापासून वाचतात.

तुमच्या वर्णनात झटके आहेत, काळ्या धुराचा उल्लेख नाही. तेव्हा दाब खरोखर पडतोय असं धरून पुढे जाऊ. आता प्रश्न एवढाच, की मागची बाजू दोषी की पुढची.

काही गाड्यांत कमी दाबाच्या बाजूलाही सेन्सर असतो; तेव्हा काम सोपं. नसेल तर टी-जोड लावून हाय प्रेशर पंपाच्या आधीच्या नळीवर गेज बसवावा लागतो. हा गेज उभ्या गाडीत बघून उपयोग नाही, कारण उभ्या गाडीत लोडच येत नाही. लांब होज घेऊन गेज बॉनेटच्या फटीतून बाहेर काढतात आणि काचेवर बाहेरून, वायपरखाली, ड्रायव्हरला दिसेल असा चिकटवतात. पेट्रोल भरलेली नळी केबिनमध्ये कधीही आणायची नाही, मग पाऊस असला तरी. हे काम माहितगाराकडूनच करून घ्या. आणि हाय प्रेशरच्या बाजूचं कुठलंही नट इंजिन चालू असताना सैल करायचं नाही. शंभर-दीडशे बारची धार कातडीतून आत जाते. बंद केल्यावरही आधी दाब उतरवून मगच खोलायचं.

तोच चढ, तोच तिसरा गिअर. कमी दाबाचा काटा जागेवर राहिला आणि रेलचा दाब कोसळला, तर हाय प्रेशर पंप, त्याचा कंट्रोल व्हॉल्व्ह किंवा त्याला ढकलणारा कॅम दोषी. आधी कमी दाबाचा काटा झोपला आणि मागोमाग रेल झोपला, तर हाय प्रेशर पंप निर्दोष, दोष टाकीच्या बाजूला. क्रम बघायचा. कोण आधी पडलं, तो.

टाकीची बाजू दोषी निघाली म्हणून पंप दोषी निघाला असं होत नाही. मी पंप मागवण्याआधी मल्टिमीटर मागतो. तुमच्यासारख्याच एका गाडीचा डेटा सांगतो. अडीच हजार आरपीएमला रेलची मागणी ११० बार, मिळत होते १०९. साडेतीन हजारला मागणी १५०, मिळत होते १४४. बेचाळीसशेला मागणी १८० आणि प्रत्यक्षात ७२. कमी दाबाचा गेज पाच बारवरून दोनवर. आधीच्या गॅरेजने पंप मेला असा निकाल दिला होता. मागची सीट उचलली, टाकीवरचं झाकण काढलं, स्कॅनरवरून पंप पूर्ण ताकदीने चालवला आणि कनेक्टरच्या मागून पिना लावून व्होल्टेज घेतलं. बॅटरीवर १४.१ व्होल्ट, पंपाच्या पिनांवर ११.५. मधले २.६ व्होल्ट कुठे गेले? प्लसच्या वायरवर तूट ०.३, ती चालण्यासारखी. मायनसच्या बाजूला २.३. कनेक्टर सोडवला तर अर्थची पिन तपकिरी पडलेली, तिच्या भोवतीचं प्लास्टिक किंचित वितळून पिवळसर झालेलं, पिनेची पकड सैल. पंप सहा अँपिअर घेत होता, २.३ व्होल्टची तूट म्हणजे चौदाएक वॅट उष्णता, तीही काडीएवढ्या पिनेवर. पिन जितकी तापते तितका रोध वाढतो आणि रोध वाढला की ती आणखी तापते. म्हणूनच ती गाडी सकाळी ठीक आणि घाटाच्या मध्यावर गपगार व्हायची. कनेक्टर नवा, दोन्ही बाजूंच्या पिना नव्या. पंप तोच राहिला आणि दाब पुन्हा पाचवर टिकला.

तेव्हा मोजायची पद्धत लक्षात घ्या. नुसतं ‘करंट येतोय’ हे टेस्ट लॅम्पने बघून चालत नाही. दिवा अर्धा अँपिअर घेतो, पंप सहा. पंप लोडवर चालू असतानाच तूट मोजायची: बॅटरीच्या प्लसपासून पंपाच्या प्लसपर्यंत अर्धा व्होल्ट, आणि पंपाच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ०.२ व्होल्ट, यापेक्षा जास्त तूट असेल तर वाट शोधत जायचं. रिलेचे काळवंडलेले पॉइंट, फ्यूजची सैल पकड, बॉडीवरच्या अर्थच्या बोल्टखालचा गंज. तुम्ही सावंतवाडीच्या बाजूचे, म्हणजे पावसाळा आणि दमटपणा दोन्ही जबर; अर्थच्या जागा आधी बघा. वायरचं कव्हर टोचून मोजू नका, त्या भोकातून पुढच्या वर्षी गंज शिरतो. टाकीजवळ काम आहे, पिन निसटून ठिणगी पडली तर अनर्थ होईल. झाकण काढल्यावर पेट्रोलचा वास येत असेल तर आधी गळती शोधा, मीटर नंतर.

एक अडचण सांगायला हवी. नव्या गाड्यांत पंपाला थेट बारा व्होल्ट न देता कंट्रोल मॉड्यूल तुकड्या-तुकड्यांनी वीज देतो. तिथे मल्टिमीटर सरासरी दाखवतो आणि आठ-नऊ व्होल्ट बघून माणूस उगाच घाबरतो. म्हणून पंप शंभर टक्के ड्यूटीवर चालवूनच मोजायचं, नाहीतर मॉड्यूलला येणारी वीज आणि मॉड्यूलची अर्थ तपासायची. ब्रशलेस पंप असेल तर पंपाच्या तीन वायरींवर साध्या मीटरचा काहीच उपयोग नाही. तिथे मॉड्यूलच्या आधीच थांबायचं. ड्यूटीचा आकडाही बोलका असतो. आयडलला तीस-चाळीस टक्क्यांवर भागायला हवं तिथे मॉड्यूल सत्तर-ऐंशी टक्के देतोय, तर पंप थकलाय किंवा त्याच्या वाटेत काहीतरी आडवं आलंय, हे घाटात न जाताही कळतं.

क्लॅम्प मीटर असेल तर पंपाचा करंटही घ्या. व्होल्टेज ठीक, दाब कमी आणि करंट नेहमीपेक्षा जास्त, तर पंप अडकत चाललाय किंवा पुढचा फिल्टर तुंबलाय. करंट कमी आणि दाबही कमी, तर पंप झिजून आतल्या आत गळतोय, किंवा जाळी तुंबल्यामुळे त्याला ढकलायला पुरेसं पेट्रोलच मिळत नाही. या दोहोंत फरक करायला टाकीतून असेंब्ली बाहेर काढण्यावाचून इलाज नाही.

असेंब्ली काढलीत की जाळीकडे नीट बघा. पांढरी-फिकट असायला हवी ती जाळी तपकिरी चिखलाने माखलेली, किंवा वर चिकट पापुद्रा, असं दिसलं तर नुसता पंप बदलून काही महिन्यांत पुन्हा हीच कथा. टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन अर्धा तास ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर पाणी आहे. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल थोडं पाणी स्वतःत मुरवून घेतं, पण हद्द ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतात, आणि पंपाचं तोंड नेमकं तिथेच असतं. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या, टाकी अर्धी ठेवणाऱ्या गाड्यांना कोकणातल्या दमट हवेत हा त्रास जास्त.

ई२० चा, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा विषय निघतोच, म्हणून त्याबद्दल. जो तो सगळं खापर ई२० वर फोडतो. शुद्ध पेट्रोलला जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई१० ला (दहा टक्के इथेनॉल) १४.१ च्या आसपास आणि ई२० ला साधारण १३.५. म्हणजे ई१० साठी ट्यून केलेल्या गाडीत ई२० भरलं की ईसीयूला चारेक टक्के पेट्रोल जास्त द्यावं लागतं. लाँग ट्रिम तेवढी अधिकमध्ये दिसणारच. अधिक चार-पाच बघून पंपावर संशय घेऊ नका. पण हेही खरं, की पंप आधीच काठावर असेल तर हे चार टक्के त्याला काठावरून ढकलायला पुरतात. ई२० ने पंप मारला आणि ई२० मुळे मेलेला पंप लक्षात आला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सील किंवा रबराच्या नळ्या फुगल्यात का, हे असेंब्ली हातात असताना दिसतं. ते बघून बोलावं.

एक साधा प्रश्न तुम्ही स्वतःलाच विचारा: त्रास टाकी पाव भरलेली असतानाच होतो का? पंप एका छोट्या कटोऱ्यात बसलेला असतो आणि तो कटोरा भरता ठेवायला एक बारीक जेट असतो. जेट तुंबला की चढावर आणि आंबोलीसारख्या वळणांवर पेट्रोल मागे-बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो. टाकी फुल करून तोच घाट चढा. त्रास गायब झाला तर कारण तिथे आहे. पंपाला थंड ठेवण्याचं कामही टाकीतलं पेट्रोलच करतं. रिझर्व्हवर गाडी पळवणारे आणि सीएनजीवाले, जे पेट्रोल नावापुरतं ठेवतात, त्यांचे पंप लवकर जातात त्यामागे हे एक कारण आहे.

काही युरोपीय गाड्यांत फिल्टर टाकीबाहेर, बॉडीखाली असतो आणि दाब ठरवणारा रेग्युलेटर त्या फिल्टरमध्येच बसवलेला असतो. दिसायला सारखा पण वेगळ्या दाबाचा फिल्टर बसला की सर्व्हिसनंतर लगेच हा कोड येऊ शकतो. तुमचा त्रास सर्व्हिसच्या पाठोपाठ सुरू झाला असेल तर आधी फिल्टरवरचा नंबर वाचा.

हाय प्रेशर पंपाबद्दल थोडं. तो अचानक मरत नाही, झिजतो. सगळ्यात वाईट झिज कॅम आणि पंप यांच्यामधल्या फॉलोअरची. फोक्सवॅगन समूहाच्या ईए११३ मालिकेतल्या दोन लिटर टर्बो इंजिनांत हा फॉलोअर झिजून भोक पडण्याचा प्रकार जगभर माहीत आहे. पुढच्या इंजिनांत रोलर आले आणि तो त्रास पुष्कळ कमी झाला. पंप काढलाच तर रोलर हाताने फिरवून बघा आणि कॅमच्या उंचवट्यावर नख फिरवा. दुसरी खूण ऑइलची: पंपाचं आतलं सील गेलं की पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढा, पातळी वर चढलेली आणि पेट्रोलचा उग्र वास असेल तर गाडी चालवणं थांबवा. पातळ झालेलं ऑइल टर्बोच्या बेअरिंगला आधी खातं. मात्र थंडीत, रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या डायरेक्ट इंजेक्शन गाडीच्या ऑइलला थोडा वास नेहमीच येतो. नुसत्या वासावर निकाल देऊ नका, पातळी बघा.

रात्रभर उभी राहिल्यावर गाडी लांब सेल्फ मारून सुरू होत असेल तर टाकीतल्या पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे परतू न देणारी झडप) दाब धरत नाहीये. किल्ली दोनदा ऑन-ऑफ करून मग स्टार्ट करा. एका दमात सुरू झाली तर शंका पक्की. काही गाड्यांत ड्रायव्हरचा दरवाजा उघडताच मागून दोन सेकंद घुर्रर्र असा आवाज येतो, तो पंपच असतो. तो आवाज कर्कश, किंचाळल्यासारखा झाला असेल तर पंप म्हातारा झाला. आवाज शांत आहे म्हणून पंप तरुण आहे, असं मात्र नाही.

नुसते झटके असते आणि पी००८७ नसता, तर मी पंपाचं नावही काढलं नसतं. आधी स्पार्क प्लग काढले असते. बूस्टखाली दाबलेल्या हवेतून ठिणगी उडवणं कठीण असतं. गॅप वाढलेला प्लग किंवा तडकलेली कॉइल सपाटीवर चालते आणि लोडवर मिस मारते. लक्षणं हुबेहूब पंपासारखी. इंटरकूलरच्या होजची सैल जुबली क्लिपही ताकद खाते, पण तिचा फुस्स आवाज येतो आणि रेलचा दाब जागेवर राहतो.

तुमची डायरेक्ट इंजेक्शन आहे. ज्यांची टर्बो गाडी साध्या पोर्ट इंजेक्शनची आहे त्यांच्यासाठी एक ओळ. तिथे इंजेक्टर मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरला हवा नेणाऱ्या नळ्यांत) फवारतो आणि मॅनिफोल्डमध्ये बूस्टचा दाब उलटा उभा असतो. इंधनाचा दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरला जाणारी व्हॅक्यूम नळी असलेल्या गाडीत ती नळी तडकली, तर तीन बारचा फरक एक बार बूस्टला दोनवर येतो आणि इंजेक्टरमधून पेट्रोल सुमारे अठरा टक्के कमी पडतं. पंप नवा असला तरी. ती नळी शंभर-दोनशे रुपयांची.

आणि गाडी रीमॅप केलेली, म्हणजे ताकद वाढवायला ईसीयूचं सॉफ्टवेअर बदललेली असेल तर ते लपवू नका. वाढवलेल्या बूस्टला मूळचा पंप पुरत नाही आणि तपासणारा माणूस पंपात दोष शोधत बसतो. आधी मूळ फाइल परत टाकून घ्या, मग वरची तपासणी करा.

आता गॅरेजमध्ये जाऊन काय म्हणायचं ते सांगतो. ‘मला रेलच्या मागितलेल्या आणि प्रत्यक्ष दाबाचा लोडवरचा आलेख दाखवा, कमी दाबाच्या बाजूचा लोडवरचा आकडा दाखवा, आणि पंपाच्या कनेक्टरवरची व्होल्टेजची तूट कागदावर लिहून द्या.’ हे तीन आकडे द्यायला जो तयार आहे त्याला तपासणीचे वेगळे पैसे खुशाल द्या. जो ‘त्याची गरज नाही, अनुभव आहे’ म्हणतो, त्याच्याकडून एस्टिमेटचा कागद परत घ्या.

आकडे पंपाकडेच बोट दाखवत असतील तर पंप बदलाच, टाळू नका. मूळ कंपनीचा किंवा कंपनीला पुरवठा करणाऱ्याचाच घ्या. ऑनलाइन एक तृतीयांश किमतीत मिळणारे पंप पहिल्या दिवशी दाब दाखवतात आणि पुढच्या मे महिन्यात झोपतात. पंपासोबत जाळी, झाकणाचा रबर सील आणि कनेक्टर बघून घ्या. सील जुना ठेवला तर टाकी फुल केल्यावर मागच्या सीटवर पेट्रोलचा वास येतो. टाकीचा तळ पुसून घ्या. जुना पंप मागून घ्या, असेंब्ली उघडून जाळी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. जुळवून घेतलेल्या ट्रिम स्कॅनरवरून रिसेट करायला लावा, नाहीतर पहिले काही दिवस गाडी जुन्या सवयीने पेट्रोल टाकत राहील. मग तोच चढ, तोच तिसरा गिअर, पुन्हा रेकॉर्ड. पाच हजार आरपीएमपर्यंत मागितलेला आणि प्रत्यक्ष दाब एकमेकांना धरून गेले की बिल भरा.